न उघडलेलं घड्याळ

जुन्या वस्तूंचे व्यापारी अण्णासाहेब मिरीकर वस्तूबरोबर उपदेशही विकत. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून नवऱ्यासाठी जुनं मनगटी घड्याळ घ्यायला आलेल्या कुमुदिनी सामंतांना त्यांनी चाळीस हजार सांगितले.

"आतलं मशीन दाखवा."

"अहो बाई, झाकण आजवर कुणी उघडलेलंच नाही. उघडलं की किंमत गेली!"

"मग मशीन अस्सल कशावरून?"

"माझ्या शब्दावरून! या शहरात त्यावर संशय घ्यायची कुणाची छाती नाही."

"संशय कसला? काच, काटे, पट्टा दिसतोय, त्याचे पैसे रोख घ्या. मशीन मी तुमच्या शब्दावर घेते, त्याचे पैसे तुम्ही माझ्या शब्दावर घ्या."

अण्णासाहेबांनी घड्याळ उचलून कपाटात ठेवलं. झाकण उघडण्यापेक्षा गिऱ्हाईक गेलेलं त्यांना परवडलं.