खिळ्यावरून न उतरलेली चिठ्ठी

एका संशोधन संस्थेत पेशींचा अभ्यास करणारे एक वृद्ध आचार्य होते. एकदा सकाळीच त्यांची शिष्या संतापून आली.

“सर, तीन वर्षं फुकट गेली! या कर्करोगाच्या गाठींमधलं पेशीला वाढायला लावणारं जनुक तपासलं. अक्षर न् अक्षर शाबूत आहे, बिघाड कुठेच नाही. नमुने आज टाकून देते.”

ते नमुने मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांनी दिले होते. पुन्हा मिळणारे नव्हते.

“संध्याकाळी टाक,” आचार्य म्हणाले. “आधी भटारखान्यात चल.”

वसतिगृहाच्या भटारखान्यात पाककृतींची मूळ वही कपाटात असे. रोज तिच्यातून चिठ्ठी उतरवून खिळ्याला अडकवत. चिठ्ठी दिसत असेपर्यंत आचारी तोच पदार्थ रांधत. तो पुरेसा झाला की मुकादमीण मथुराबाई चिठ्ठी काढून चुलीत टाकत. आचार्यांनी त्या दिवशीची चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात घालून पुन्हा लटकवली.

“मथुराबाई, आज ही काढायची नाही.”

“अहो, मग हे रांधतच सुटतील! यांना थांबायची अक्कल कुठंय?”

“सुटू देत.”

दुपारपर्यंत मटकीच्या उसळीने पातेली भरली, पराती भरल्या, पाण्याचं पिंपही भरलं. भाताला चूल मिळेना. बाहेर उपाशी पोरं ताटं बडवू लागली. शिष्येने धावत जाऊन वही उघडली. वहीत चूक नव्हती.

आचार्य म्हणाले, “वही म्हणजे डीएनए. चिठ्ठी म्हणजे आरएनए. आणि आरएनएला चिकटणारी प्रथिनं म्हणजे हे पाकीट आणि या मथुराबाई. कोणती चिठ्ठी जपायची, कोणती नष्ट करायची, हे ती पाहतात. कर्करोगात कधी जपणारी माजतात, कधी नष्ट करणारी हरवतात. वही निर्दोष राहते आणि गाठ वाढत जाते. पोरी, तुझ्या अंगात असे अब्जावधी भटारखाने या क्षणी वेळेवर थांबताहेत. म्हणून तू उभी आहेस.”

शिष्या स्वतःच्या तळहाताकडे पाहत राहिली.

“झालं का शिकवून?” मथुराबाई कडाडल्या. “काढू का आता?”

शिष्या प्रयोगशाळेत गेली. नमुने तिने फ्रीझरमध्येच राहू दिले. एक नळी मात्र बाहेर काढली आणि तिच्यातला आरएनए मोजायला घेतला.

काही बिघडलं की आपण मूळ ग्रंथालाच आरोपी करतो. संपलेला हुकूम जिवंत कुणी ठेवला, हे विचारायची हिंमत करत नाही.