अर्जातलं कारण

“आणखी काय करायचं राहिलंय, बाबा? तुम्हीच सांगा.”

प्राचार्य वझरकरांनी हा प्रश्न चपला काढता काढताच विचारला. मठाच्या ओसरीवर रेवणबाबा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी घोंगडी पुढे सरकवली.

वझरकर बसले नाहीत. गावातलं कम्युनिटी कॉलेज त्यांच्या ताब्यात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत त्यांना कुठे स्वस्थ बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

“समुपदेशन कक्ष काढला. तक्रार निवारण कक्ष काढला. विद्यार्थी आधार कक्ष काढला, त्याला आकाशी रंग दिला. अभ्यासक्रम तीनदा बदलला...”

“कक्षांत कोण बसतं?”

“सध्या खुर्च्या आल्यात.”

बाबांनी मान डोलावली. प्रगती होती.

वझरकर ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. मध्ये एक उंच स्टूल होतं, त्याला त्यांनी दोन्ही वेळा वळसा घातला. स्टुलावर उभं राहून कोणीतरी आढ्याची जुनी वायर बदलत होतं. डोक्याला रुमाल, अंगात ढगळ शर्ट, तोंड वर.

“साहेब,” बाबा म्हणाले, “बसत नाहीच आहात, तर तेवढं स्टूल धरा. हलतंय.”

प्राचार्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सांगण्याजोगं दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी स्टूल धरलं.

“आता बोला.”

“वायरमनच्या वर्गाला बासष्ट जणांनी नावं घातली होती, बाबा. वीस उरलेत. एकोणीस झाले की वर्ग बंद करा, असा वरचा आदेश आहे. आणि विसाव्या मुलीनं काल दाखला मागितलाय.”

“का?”

“घरगुती कारण.”

“आणि आधीचे बेचाळीस?”

“घरगुती कारण.”

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“बेचाळीस घरं एकदम बिघडली? गावात काही ऐकू आलं नाही ते...”

“अर्जात तसा रकाना आहे,” वझरकर जरा चिडून म्हणाले. “आमचे हेडक्लार्क पोरांना तेच लिहायला सांगतात. दुसरं काही लिहिलं की अर्ज समितीपुढे जातो, महिना लागतो. पण आम्ही त्याचाही अभ्यास केलाय. शंभर टक्के घरगुती कारण. म्हणून येत्या महिन्यात पालक प्रबोधन मेळावा ठेवलाय.”

“घरांना दम द्यायला.”

“थट्टा नको, बाबा. ती मुलगी रोज सकाळी तुमच्याकडे येते असं शिपाई म्हणाला. शिवकन्या गवारे. तुमचं ऐकेल ती. तिला समजावा.”

“तुम्हीच समजावा ना.”

“कुठे आहे ती?”

“तिचंच स्टूल धरलंय तुम्ही.”

...

वझरकरांनी वर पाहिलं. वरून शिवकन्येनं खाली पाहिलं. तोंडात स्क्रू होता, तो तिनं काढून हातात घेतला.

“नमस्कार, सर.”

“तू... का चाललीस?”

“खरं सांगू, का अर्जातलं?”

प्राचार्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा टरफलं गोळा करत होते.

“खरं.”

“आठ महिने झाले, सर. वायर आम्ही पडद्यावरच बघितली. पक्कड, टेस्टर, मीटर, सगळं कपाटात आहे. बाहेरून दिसतं, काच आहे.”

“ते किट नवीन आहेत,” वझरकर म्हणाले. “सोळा तारखेला तपासणी समिती येतेय. पोरांनी हाताळले तर...”

“तर वापरलेले दिसतील,” शिवकन्या म्हणाली.

“तसंच नाही अगदी.”

“ही पक्कड मठाची आहे, सर. दांडीवरचं रबर गेलंय. मेन बंद करून इथंच हात बसवते. तालुक्याच्या आयटीआयला नाव घालणार आहे. वर्ष वाया जाईल. आईनं दोन दिवस जेवण सोडलं. पण तिथं पहिल्या आठवड्यात स्विचबोर्ड भरायला देतात म्हणे.”

“तू आधी आधार कक्षात यायचंस. एक अर्ज...”

“आले होते. कुलूप होतं. नमुना क्रमांक चार तक्रार निवारणला मिळेल, असं दारावर लिहिलं होतं. तिथं गेले, तर तो कक्ष दुपारनंतर.”

“मग दुपारी यायचंस.”

“दुपारी आम्हाला पडद्यावर वायर असते, सर.”

बाबा हसले नाहीत. प्राचार्यांनी पकड बदलली. स्टूल डुगडुगलं. वर शिवकन्येनं आढ्याचा वासा धरला.

“हे बघ,” वझरकर हळू आवाजात म्हणाले, “तू गेलीस तर उरलेल्या एकोणिसांचा वर्ग जातो. त्यांचा तरी विचार कर.”

“ते माझ्याकडेच बघतायत, सर. मी काय करते त्यावर ते अर्ज करणार.”

...

“थांबशील?” त्यांनी विचारलं. या खेपेला आवाजात प्राचार्य नव्हता.

“कपाट उघडाल?”

“सोळा तारीख होऊ दे. मग लगेच...”

“आज, सर.”

वझरकरांचा ओठ हलला. त्याच वेळी त्यांच्या खिशात फोन वाजला. वाजत राहिला. थांबला आणि पुन्हा वाजला.

“हेडक्लार्क असणार,” ते बाबांना म्हणाले. “विद्यार्थी आधार आराखडा आज बाराच्या आत पाठवायचाय. माझी सही राहिलीय...”

शिवकन्येनं मान पुन्हा वर केली होती. दोन्ही हात आढ्याला, टाचा उचललेल्या.

फोन तिसऱ्यांदा वाजला.

“बाबा, एक मिनिट... सोडू का?”

रेवणबाबांनी शेंग फोडली.

“सोडा. तिला सवय आहे.”