सुकाणूजवळची फळी

चोवीस डिसेंबरच्या दुपारी खारबंदरच्या होड्या जाळी न घेता समुद्रात जातात. प्रत्येक होडीत दोघेच असतात. सुकाणूवर तांडेल आणि त्याच्या शेजारच्या फळीवर असा माणूस, ज्याच्याशी तांडेलाने बोलणे टाकले आहे. क्रूसाच्या खडकाला वळसा घालून ते परत येतात. चर्चमध्ये गव्हाण सजलेली असते. गवत, मेंढरे, मारिया, जोसेफ सगळे जागेवर असतात. बाळ मात्र नसते.

पाहुण्यांनी विचारले, की जाळे सांधत बसलेले सांतानबाबा खडकाकडे बोट दाखवून सांगू लागतात.

फार पूर्वी इथे कैतान आणि मिंगेल असे दोन तांडेल होते. समुद्रात जाळ्याचे खुंट कुणी कुठे रोवायचे, यावरून त्यांचे वैर. एकदा मिंगेलने कैतानच्या जाळ्याचे दोर कापले. ते जोडायला गेलेला कैतानचा एकुलता मुलगा इंत्रू परत आला नाही. इंत्रू होडीत बापाशेजारच्या फळीवर बसायचा. त्यानंतर कैतानने त्या फळीवर कुणाला बसू दिले नाही. खलाशी जाळ्यांवर उकिडवे बसत.

दोन वर्षांनी नाताळात बाळ गव्हाणीत ठेवण्याचा मान कैतानकडे आला. चोवीस तारखेला पहाटे भाकरी बांधून देताना त्याची बायको रेमेत म्हणाली म्हणे, "मान घेतलाय खरा. पण तुमच्या पोटात मिंगेल पाय पसरून बसलाय. येशूनं यायचं तरी कुठं?"

कैतानने भाकरी उचलली आणि तो निघाला.

त्या दिवशी होडी काठोकाठ भरली. परतताना उत्तरेचा वारा पिसाळला आणि खडकापाशी त्यांना एक उलटलेली होडी दिसली. तिला चार माणसे लटकली होती. चौथा मिंगेल होता.

कैतानने मासळी समुद्रात लोटायला सांगितली. तीन माणसे वर घेतली, तोवर लाटांचे पाणी आत भरून होडीचा काठ पाण्यापासून वीतभर उरला. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, आणखी एक माणूस आला असता, तर होडी तिथेच बुडाली असती.

पास्कू नावाचा म्हातारा खलाशी म्हणाला, "तांडेल, मागची फळी मोकळी हाय."

"मोकळी नाय ती."

"मला तर कुणी दिसत नाय."

खाली मिंगेलची बोटे लाकडावरून सुटत होती. त्याने हाक मारली नाही. एवढेच म्हणाला, "माझी माणसं ने, कैतान."

असे सांगतात, की कैतानने तोंड फिरवले. एक लाट गेली, दुसरी गेली. दुसऱ्या लाटेनंतर मिंगेलचा एकच हात दिसत होता. मग कैतानने सुकाणू पास्कूकडे दिले, स्वतः वाकला आणि तो हात मनगटापाशी धरला.

वर आल्यावर मिंगेल फळीजवळ उभाच राहिला. "इथं नाय बसणार मी."

"बस," कैतान म्हणाला. "होडी कलते."

किनारा येईपर्यंत दोघे बोलले नाहीत. मिंगेल थरथरत होता आणि होडी हलली की त्याचा खांदा कैतानच्या खांद्याला लागत होता. कैतान सरकला नाही.

रेमेत वाळूवर उभी होती. फळीवर कोण बसले आहे, ते तिने लांबूनच पाहिले. होडी लागली, तरी ती बराच वेळ हलली नाही. मग पाण्यात उतरून तिने रिकाम्या होडीत डोकावले.

"मासळी कुठाय?"

"टाकली," कैतान म्हणाला. "जागा नव्हती."

दोघांची मैत्री झाली का, असे पाहुणे हमखास विचारतात. तसे कुणी सांगत नाही. फेरीवर बोलायची सक्ती आजही नाही. काही जण गप्प जातात आणि गप्पच उतरतात. पण शेवटची होडी किनाऱ्याला लागेपर्यंत खारबंदरला बाळ गव्हाणीत ठेवत नाहीत. एका वर्षी दोन सख्खे भाऊ खडकाआड नांगर टाकून बसले आणि गाव वाट पाहत राहिले. त्या वर्षी बाळ पंचवीस तारखेच्या दुपारी ठेवले, म्हणे.