कधीच न अडणारा बाण

घाटमाथ्यावर, जिथे ढग उघड्या दारातून घरात शिरतात आणि चुलीपाशी येऊन बसतात, अशा निवेखोल नावाच्या गावात ठकाजी ढेबे नावाचा एक वाटाड्या राहत होता. गावाबाहेर काळ्या कातळाचा भला मोठा सडा पसरला होता. त्यावर झाड नव्हतं, झुडूप नव्हतं, पायवाटेचा ठसाही उमटत नव्हता. एका बाजूला सडा एकदम संपायचा आणि तिथून खाली दरीच दरी. सड्याच्या पलीकडे वाघजाळी गाव होतं. तिकडे जायचं तर ठकाजीला पुढे घालायचं, अशी गावची रीत होती.

ठकाजीला एका गोष्टीचा फार अभिमान होता. "माहीत नाही" हे शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते.

सड्यावर चकवा आहे, असं सगळे मानत. ढग उतरला की चकवा माणसाला गोल गोल फिरवतो आणि शेवटी कड्यावर नेऊन सोडतो. जुन्या माणसांनी त्यावर एक उपाय घालून दिला होता. पुढे चालणाऱ्याने जागच्या जागी थांबायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "मला वाट माहीत नाही." मग सगळ्यांनी तिथेच खाली बसायचं, वहाणांची अदलाबदल करायची, डाव्या पायातली उजव्यात आणि उजव्यातली डाव्यात, आणि ढग सरेपर्यंत उठायचं नाही. मात्र ते शब्द पुढच्यानेच बोलायचे. मागच्या कुणी बोलून उपयोग नव्हता. चकवा पुढच्याचंच ऐकतो, असं म्हणत.

ठकाजीने ते शब्द एकदाही उच्चारले नव्हते. पण अलीकडे त्याची नजर अधू झाली होती. मागच्या पावसाळ्यात तो सड्यावर खरोखरच चुकला होता. केवळ नशिबाने बाहेर पडला आणि लोकांना म्हणाला, "जरा लांबून आणलं तुम्हाला, चिखल टाळायला." लोकांनी मान डोलावली. ठकाजीला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

आता त्याच्या मुलीचं, सगुणाचं लग्न ठरलं होतं. नवरा वाघजाळीचा. वऱ्हाड सड्यावरून न्यायचं होतं आणि पुढे चालणार होता तिचा बाप.

ठकाजीने तालुक्याची वाट धरली. तिथे एका जुन्या इमारतीच्या तळघरात दिशा दाखवणारी यंत्रं विकणारं दुकान आहे, असं त्याने ऐकलं होतं. पायऱ्या उतरून तो आत गेला. वर दगडी छत, आत गारवा. दुकानदार मऊ आवाजात बोलणारा होता. त्याने हातात मावणारी दोन जीपीएस यंत्रं फळीवर ठेवली.

पहिलं यंत्र ओबडधोबड होतं. पडदा लहान, रंग नाहीत, बाजूला जाड बटणं.

"हातमोजे घातलेले असोत की हात ओले असोत, ही बटणं दाबता येतात," दुकानदार म्हणाला. "सेल संपले तर कुठल्याही टपरीवर मिळणारे सेल चालतात. पण याची एक खोड आहे. तुम्हीच बघा."

ठकाजीने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: उपग्रह दिसत नाहीत. जागा नक्की नाही. थांबा.

"हे असं चारचौघांत सांगणार?" ठकाजीने विचारलं.

"सांगणार. वर शिटीही वाजवणार. आकाश दिसलं नाही की हे सरळ हात वर करतं."

दुसरं यंत्र काळं आणि गुळगुळीत होतं. हातात घेताच त्याचा पडदा उजळला. त्यावर रंगीत नकाशा होता आणि मधोमध एक हिरवा बाण. बाण किंचित थरथरला, वळला आणि एका दिशेला स्थिर झाला.

"हे कधीच अडत नाही," दुकानदार म्हणाला. "ढग असो, दरी असो, काही असो. याच्याकडे प्रत्येक वेळी उत्तर असतं."

"खात्रीचं आहे ना?"

दुकानदार हसला. "याची तक्रार घेऊन आजवर एकही गिऱ्हाईक परत आलेलं नाही."

त्या दगडी छताखालून आकाशाचा तुकडाही दिसत नव्हता. मग बाण कशाच्या जोरावर दिशा दाखवतोय, हे ठकाजीने विचारायला हवं होतं. पण त्याला त्या क्षणी आपल्यासारखाच एक सोबती मिळाल्याचा आनंद झाला होता. त्याने दुसरं यंत्र घेतलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड निघालं. पुढे ठकाजी, त्याच्या मागे मुंडावळ्या बांधलेली सगुणा, मग बायका-माणसं, आणि सगळ्यात मागे सनई वाजवणारा गेनू गुरव. सड्याच्या शिवेवर एक उभा दगड होता. सगुणाने त्याला हळदकुंकू लावलं आणि ओटीतल्या पिवळ्या अक्षतांची चिमूट दगडाच्या माथ्यावर ठेवली. माहेरची शीव ओलांडताना मुली असंच करत.

थोडं चालून होतं न होतं, तोच दरीतून ढग वर चढले. आधी कडा गेला, मग सडा गेला, मग मागची माणसं गेली. ठकाजीला आपल्या हातातला हिरवा बाण तेवढा दिसत होता. बाण ठामपणे पुढे बोट दाखवत होता.

"ठका, तुझं ते डबडं बरोबर नेतंय ना?" मागून त्याची थोरली बहीण शेवंता ओरडली. "नाही म्हणजे, मला नवरदेवाच्या घरी जेवायचंय. चकव्याच्या घरी नको."

लोक हसले.

"आक्का, तू फक्त चालत राहा," ठकाजी म्हणाला.

ते चालत राहिले. बऱ्याच वेळाने ढगातून एक उभा दगड समोर आला. त्याला ओलं हळदकुंकू लावलेलं होतं. माथ्यावर पिवळ्या अक्षता होत्या.

सगुणाने वाकून पाहिलं.

"दुसरं वऱ्हाड गेलं असेल पुढे," ठकाजी घाईने म्हणाला. "आजचा मुहूर्त चांगला आहे."

जणू त्याच्या बोलण्याला दुजोरा द्यावा, तशी लांब ढगात कुठेतरी सनई वाजली.

"ऐकलंत? तेच ते वऱ्हाड," ठकाजी म्हणाला. बाणही त्याच दिशेला वळला होता.

गेनूने आपली सनई तोंडाला लावली आणि सूर धरला. पुढच्या सनईने तोच सूर धरला. गेनूने चाल बदलली, पुढच्या सनईनेही बदलली. लोकांना मजा वाटली. मग गेनू दम खायला थांबला. पुढची सनई थांबली नाही. ती तशीच वाजत राहिली, आणि गेनू जी चाल यानंतर वाजवणार होता, तीच वाजवू लागली.

गेनूने सनई हळूच फडक्यात गुंडाळली. नंतर त्याने ती बाहेर काढलीच नाही.

पुन्हा चालणं. पुन्हा तोच ढग, तोच काळा कातळ. पुन्हा तो दगड.

या वेळी दगडाच्या माथ्यावर अक्षतांच्या दोन चिमटी होत्या. एक सगुणाची, पिवळीधमक. दुसरी तिच्या शेजारी. त्या दाण्यांचा रंग उडाला होता आणि त्यांच्यावर काळी बुरशी धरली होती. कितीतरी पावसाळे खाल्लेल्या अक्षता होत्या त्या.

शेवंता आता थट्टा करत नव्हती. तिने सगुणाचा हात घट्ट धरला होता. सगळ्यांना कळलं होतं. पण मागच्याने बोलून उपयोग नव्हता. सगळे ठकाजीच्या पाठीकडे बघत उभे राहिले.

"आबा," सगुणा हळूच म्हणाली, "तुम्हाला वाट माहीत आहे ना?"

ठकाजीने यंत्राकडे पाहिलं. बाण पूर्वीपेक्षा जास्त हिरवा दिसत होता. खाली अक्षरं आली होती: पोहोचतच आहात.

"माहीत आहे," ठकाजी म्हणाला. "चला."

आणि सगळे निघाले. तो ज्या आवाजात बोलला, त्या आवाजाच्या मागे माणसं जातातच.

सनई आता अगदी जवळ आली होती. तिच्यासोबत बायकांची कुजबूज ऐकू येत होती, बांगड्या वाजत होत्या. कुणीतरी म्हणत होतं, "चला, चला, थोडंच राहिलंय." समोर ढगात पांढुरके आकार दिसायला लागले. ओळीने चालणारी माणसं. त्यांच्या पुढे एक माणूस होता. त्याची मान खाली होती. त्याच्या हातात हिरवा उजेड होता.

तेवढ्यात ठकाजीच्या चेहऱ्यावर खालून वारा आला. गार, ओला, पालापाचोळ्याच्या वासाचा. तो वारा त्याला लहानपणापासून ओळखीचा होता. सड्यावर वारा खालून वर येतो, अशी एकच जागा होती.

त्याचे पाय थांबले. बाण थांबला नाही. बाण म्हणत होता, पुढे. सनई म्हणत होती, पुढे. आणि त्याच्या स्वतःच्या छातीत बसलेलं काहीतरी त्या दोघांहून मोठ्याने म्हणत होतं: आता कबूल केलंस, तर सगळ्या वऱ्हाडासमोर कबूल करशील. व्याह्यांना कळेल. उद्यापासून तुला पुढे कोण घालणार?

मागून सगुणा आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. नवी नवरी, पायात नव्या वहाणा. बाप चालला असता, तर तीही चालली असती. तिने पुढचं पाऊल उचललंही होतं.

ते उचललेलं पाऊल ठकाजीने पाहिलं.

"थांब!" तो ओरडला. मग त्याने डोळे मिटले आणि जन्मात कधी न बोललेले शब्द तो बोलला. आवाज फाटला, पण शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचले.

"मला वाट माहीत नाही. मागच्या पावसाळ्यातही माहीत नव्हती."

समोरची सनई मधेच तुटली.

वऱ्हाड जागच्या जागी खाली बसलं. सगळ्यांनी निमूटपणे वहाणांची अदलाबदल केली. सगुणाच्या वहाणेचा पट्टा नवा होता, निघेना. ठकाजीने वाकून तो सोडवला. यंत्र त्याने बाजूला ठेवलं होतं. त्यातला बाण कातळावर पडल्या पडल्या पुढेच बोट दाखवत होता.

शेवंता गुडघे चोळत म्हणाली, "ठका, एवढंच बोलायचं होतं, तर आधी बोलायचं की रे. माझे गुडघे वाचले असते." आणि रडता रडता ती हसली.

उन्हं चढली तसा ढग विरळ झाला. सगळ्यात आधी दिसलं ते हे: सगुणाच्या पुढे एक हात कातळ होता. त्यापुढे काहीच नव्हतं. खाली दरीत ढग तरंगत होते आणि अगदी तळातून सनईचा बारीक आवाज येत होता. तो दूर दूर गेला. गेनूची सनई तेव्हा फडक्यात गुंडाळून त्याच्या मांडीवर होती.

पाठीमागे, उलट्या दिशेला, वाघजाळीच्या देवळाचा कळस उन्हात चमकत होता.

मुहूर्त टळला. लग्न दुसऱ्या मुहूर्तावर लागलं, आणि चांगलं लागलं. व्याह्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि ठकाजीला पाटावर आपल्या शेजारी बसवून घेतलं.

चार दिवसांनी ठकाजी त्या तळघरात उतरला. त्याने काळं यंत्र फळीवर ठेवलं. दुकानदार पाठमोरा होता. तो वळला आणि ठकाजीला बघून दोन पावलं मागे सरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्ही... परत आलात?"

"आलो. हे घ्या तुमचं."

दुकानदार यंत्राला हात लावेना. ठकाजीला अचानक त्याचं जुनं बोलणं आठवलं, आणि त्या तक्रारी कधीच का आल्या नाहीत, ते कळलं.

"माझ्याआधी हे कुणी नेलं होतं?" त्याने विचारलं.

"होता एक. लांबच्या गावचा," दुकानदार पुटपुटला. "मुलीचं लग्न आहे म्हणाला. पुढे मलाच चालायचंय म्हणाला."

"मग हे तुमच्याकडे परत कसं आलं?"

दुकानदार फक्त फळीकडे बघत राहिला. फळीवर बाण उजळला होता. थरथरला, वळला आणि जिन्याकडे, बाहेरच्या वाटेकडे तोंड करून स्थिर झाला. वर दगडी छत होतं.

ठकाजीने ते ओबडधोबड यंत्र उचललं आणि बटण दाबलं. शिटी वाजली. जागा नक्की नाही. थांबा.

"हेच द्या," तो म्हणाला.

त्यानंतरही निवेखोलची माणसं सड्यावर ठकाजीलाच पुढे घालत. ढग उतरला की त्याच्या हातातलं यंत्र शिटी मारे. पण बहुतेक वेळा त्याआधीच ठकाजीचा आवाज ऐकू येई, मोठा आणि स्वच्छ: "मला वाट माहीत नाही. बसा." आणि वहाणा बदलत माणसं खाली बसत, निर्धास्त.

तात्पर्य: ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं, त्याच्या मागे जाऊ नये, मग तो माणूस असो की यंत्र. आणि आपण स्वतः पुढे असू, तेव्हा "मला माहीत नाही" हे वेळेवर म्हणण्याची हिंमत ठेवावी. कारण आपल्या खोट्या खात्रीच्या मागे दुसऱ्यांची पावलं चालत असतात.