केरबाचे नाव

एका राज्यात एक काळपक्षी होता. ज्या घरात पाठोपाठ मुले गेली, त्या घराच्या पुढच्या मुलावर त्याची नजर असे. कौतुकाचे नाव कानी पडले की तो खाली उतरे, आणि ज्याला शिवे त्याचा दगड होई. म्हणून तिथल्या पोळलेल्या आया तान्ह्याला उकिरड्यावर लोळवीत आणि केरबा म्हणत. "केर कोण नेणार?" म्हणून पक्षी उडून जाई.

सगुणा कोष्टीण अशीच आई. तिचा केरबा पंचविशीचा झाला, मागावर बसू लागला.

एके दिवशी राजा रणधवलाने फर्मावले, "आमच्या राज्यात ओंगळ नावे नकोत." कारभाऱ्याने दप्तरातले केरबा पुसून रत्नकांत लिहिले आणि चारी वेशींवर दवंडी पिटली. ती विरते न विरते तोच पक्षी उतरला. केरबाची पावले दगड झाली, आणि दगड वर चढू लागला.

सगुणेने त्याला गाडीत घालून दरबारात आणले.

"महाराज, हे तुमचे रत्न. ठेवून घ्या."

"बाई, आम्ही चांगलेच नाव दिले."

"चांगली नावे मलाही येत होती. जयवंत, अमृत, आनंद. तिघांनाही मूठमाती दिली. चौथ्याला केर म्हणताना जीभ जळली माझी, पण तो जगला. ते नाव तुम्हाला ओंगळ वाटले?"

"बाई, जीभ आवर," कारभारी म्हणाला.

"तू तुझी दौत आवर."

तेव्हा दरबारातल्या पिंजऱ्यातली म्हातारी साळुंकी बोलली, "ज्याच्या हुकुमाने नाव पुसले त्याने स्वहस्ते या आईचे अंगण झाडावे, केर डोक्यावरून न्यावा, आणि उकिरड्यावर उभे राहून जुन्या नावाने हाक मारावी. दगड ओठांशी पोचण्याआधी."

राजाने सगुणेच्या घरी जाऊन अंगण झाडले. दगड कमरेला आला होता.

"महाराज, तो कोपरा राहिला," गाडीतून केरबा म्हणाला.

राजाने कोपराही झाडला. पाटी डोक्यावर घेतली. दगड छातीला आला. उकिरड्याभोवती सारे नगर जमले होते. राजा खाली मान घालून नाव पुटपुटला. दगड गळ्यापर्यंत गेला.

"आता हळू का?" सगुणा कडाडली. "पुसताना तर दवंडी पिटलीत!"

राजाने मान वर केली. "केरबा! अरे केरबा!"

"ओ!"

खपली पडावी तसा दगड गळून पडला. राजाच्याच तोंडून केरबा ऐकून काळपक्षी राज्याची सीमा ओलांडून गेला, तो परतला नाही. पुसलेली नावे राजाने ज्याची त्याला परत दिली, आणि तिथून पुढे आईला विचारल्यावाचून नाव लिहिले गेले नाही. सगुणेने मात्र राजाला मुजरा केला नाही. राजानेही तो मागितला नाही.