तेल ते तेल!

महाराजांची नवी मोटार राजवाड्याच्या दारातच धाप टाकून बंद पडली! टाकीत डिझेल कुणी ओतलं, ते साऱ्या घुमरगडाला ठाऊक होतं. खुद्द महाराजांनी! मोटारीतलं पेट्रोल संपलं, तर त्यांनी बागेतल्या पाण्याच्या इंजिनाचा डिझेलचा डबा उचलला नि टाकीत रिकामा केला. पण महाराज कधी चुकतात? छे!

"रंभाजी, मोटार तू बिघडवलीस!" ते ड्रायव्हरवर गरजले. "तेल ते तेल! फरक असेल तर दाखव. हे दोन सारखे डबे आत्ताच भरून आणवलेत. यातलं पेट्रोल कुठलं? वास घ्यायचा नाही, हात लावायचा नाही, काडी ओढायची नाही. नाही जमलं, तर आजच्या आज बायकोसकट संस्थानाबाहेर!"

रंभाजी एका डब्याकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात त्याची बायको तानू पुढे झाली. राजवाड्याची धुणी तीच धुवायची.

"सरकार, मी सांगते! दिवाणजी, दोन्ही डब्यांतला एकेक थेंब आपल्या अंगरख्यावर टाका बघू. एक डाव्या बाहीवर, एक उजव्या."

"माझ्याच का?" दिवाणजी किंचाळले.

"तुमच्यावर एवढे डाग आहेत, अजून एकानं काय बिघडतंय!"

सगळे खुसखुसले. महाराजांनीच मान डोलावली, मग दिवाणजी काय करतात! थेंब पडले. बघता बघता डावीकडचा उडून गेला, जाताना तिथला तुपाचा डागही पुसट करून गेला. उजवीकडचा मात्र तेलकट पसरला, हलायचं नाव नाही.

"डावं पेट्रोल, सरकार. ते डाग काढतं. आपली रेशमी उपरणी त्यानंच साफ करते मी. उजवं डिझेल, ते डाग पाडतं!"

महाराज चपापले, पण हट्ट कुठला सुटतोय! "असेल! जळतात तर दोन्ही. मग मोटारीला काय धाड भरली?"

"जळण्यातच तर खरी गंमत आहे! पेट्रोल दरबारी मंडळींसारखं. एक ठिणगी पडली की भडका! डिझेल रयतेसारखं. मोटारीतली ठिणगी त्याच्या गावीही नसते. पण बागेतल्या इंजिनात दाबत राहा, दाबत राहा... ठिणगीशिवाय आपलं आपण पेटतं!"

रंभाजीनं डोळेच मिटले. महाराजांनी तानूकडे रोखून पाहिलं, नि एकदम असे खदखदून हसले की फेटा सुटला.

"रंभाजी, मोटार तूच चालव! तानू, तुला दोन रेशमी लुगडी, आणि ही टाकीच्या झाकणाची किल्ली. आम्ही स्वतः मागायला आलो, तरी द्यायची नाही!"