अमा डुफिए नदीत उतरली

फार फार वर्षांपूर्वी, घाना देशातून गोरे साहेब नुकतेच गेले होते तेव्हा, तिथल्या ओकुमासे गावात अमा डुफिए नावाची राणीआई होती. राणीआई म्हणजे राजाची बायको नव्हे. गावाचा मुखिया निवडायचा, आणि तो चुकला तर चारचौघांत त्याचा कान धरायचा, हे तिचं काम. तिकडे थोरांना, बाई असो की पुरुष, ‘नाना’ म्हणतात. तिलाही सगळे नानाच म्हणत.

मग निवडणुका आल्या. अर्ध्या गावावर हिरवे झेंडे लागले, अर्ध्यावर पिवळे. हिरव्यांचा पुढारी बादू, पिवळ्यांचा अनाने. दोघांनाही नानानंच चालायला शिकवलं होतं. आता हिरव्याच्या मयताला पिवळा जाईना.

नदीपलीकडे दवाखाना होता. दोघांनी पुलाचं वचन दिलं, आणि दोघांनी एकमेकांचा पूल होऊ दिला नाही. त्या पावसाळ्यात एसी नावाची पोर बाळंतपणात अडली आणि नावेची वाट बघत काठावरच गेली.

तिला पुरल्यावर नाना ओंडके ओढायचा जाड दोर घेऊन नदीत उतरली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, “ते दोघं या दोराला हात लावतील, तेव्हाच बाहेर येईन.”

असं म्हणतात, ती तीन दिवस उभी होती. डोंगरात पाऊस कोसळत होता, नदी दोन्ही काठ पोखरत होती, पण पाणी तिच्या कमरेवर बोटभरही चढलं नाही. असं म्हणतात, तिचे पाय सुटू नयेत म्हणून मासे त्यांना टेकून राहिले.

तिसऱ्या दिवशी बादू आला. “नाना, बाहेर या. आता राज्य मतांचं आहे. तुमचा काळ सरला.”

“मतं तुम्हीच घ्या रे,” नाना म्हणाली. “पण मत द्यायला माणसं जिवंत नकोत का?”

बादूनं काठावर वहाणा काढल्या. मग तो कोटासकट पाण्यात उतरला. ते बघून काठावर लांब उभा असलेला अनानेही उतरला. दोघांनी दोर धरला, आणि त्याच दिवशी पुलाचा पहिला ओंडका नदीवर पडला.

पुढे नानानंही दर वेळी मत दिलं. कुणाला, ते तिनं कधी सांगितलं नाही.

आजही ओकुमासेतून कुणीही निवडून येवो, शपथेआधी त्याला तिच्या नावानं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहावं लागतं. पुलावरून गाव बोलतं, तो ऐकतो. गेल्या खेपेला एक तरुण बाई निवडून आली. ऊन कलेपर्यंत ती पाण्यात होती.

“थंडी वाजते का गं?” पुलावरून कुणी विचारलं.

“वाजते ना,” ती म्हणाली. “पण तुमचं बोलून होऊ दे.”